पप्पांनी कानानं वाचलेला शास्त्रपाठ

हे मला आत्ताच सांगायचंय. चर्चमधून येऊन अर्धा तास पण झाला नाहीये, मम्मी आत मटणाला वाटण लावतेय, पप्पा गॅलरीत बसलेत आणि मी साडी पण बदललेली नाही. उद्यावर टाकलं तर मी हे सगळं नीटनेटकं करून लिहीन, आणि ते नीटनेटकं अजिबात नव्हतं.

आमच्या भायखळ्याच्या चर्चच्या मंडळीत पप्पा मी जन्माला यायच्या आधीपासून रविवारी सगळ्यांसमोर बायबलमधला शास्त्रपाठ वाचायचे. मग शुगरनं डोळ्यांचे पडदे खराब झाले. डॉक्टर म्हणाले, आहे ते सांभाळायचं, गेलेलं परत येणार नाही. आता त्यांना माणसांचे आकार दिसतात, अक्षरं नाही. त्यांनी स्वतःच पाळकसाहेबांना सांगून यादीतून नाव काढून घेतलं. त्याहून वाईट घरात झालं. आमच्याकडे संध्याकाळच्या प्रार्थनेला गोल बसून प्रत्येकानं पाळीनं एकेक वचन वाचायचं असतं. पप्पांची पाळी आली की सगळे गप्प. मग पप्पा म्हणायचे, "पुढे चला." रोज तेच, पुढे चला. मी देवाकडे एकच मागत होते की त्यांचे डोळे दे. काहीच होत नव्हतं आणि खरं सांगते, मला देवाचा राग आला होता.

आता माझं असं आहे की मंडळीत कोणालाही मोबाइलवर काही पाहिजे असलं की माझ्याकडे येतात. रोजच्या वाचनाचं अ‍ॅप, गीतांचं अ‍ॅप ज्यात शब्दांबरोबर चाल पण वाजते, अभ्यासाचं, ज्यात वचनावर बोट ठेवलं की अर्थ उघडतो, रविवारच्या शब्बाथ शाळेच्या पोरांसाठी कोड्यांचं. सगळं मीच टाकून देते. म्हटलं, पप्पांचं तर किती सोपं आहे. वाचून दाखवणारं अ‍ॅप घेतलं आणि प्रार्थनेत पप्पांची पाळी आली तसा फोन मधे ठेवून चालू केला. मी स्वतः सगळं फास्ट ऐकते, तर स्पीड तोच राहिला. आणि मला बरं वाटतं म्हणून भाषांतर पण सोपं, नवीन निवडलेलं.

पप्पा म्हणाले, "ह्याला कुठे जायची घाई आहे?"

मी स्पीड कमी केला.

"आणि ही भाषा कुठली? शास्त्र आहे की पेपर?"

"सोपं आहे ना पप्पा, पटकन समजतं."

"मला समजत नव्हतं असं कोण म्हणालं तुला?" मग म्हणाले, "माझ्या पाळीला तू मशीन लावणार. मग मी बसू कशाला?" आणि उठून गॅलरीत गेले.

दुसऱ्या दिवसापासून प्रार्थनेच्या वेळी ते खाली चक्कर मारायला जायला लागले. मम्मी म्हणायची, ते नसताना काय बसायचं. आमच्या घरातली प्रार्थनाच बंद पडली, आणि ती माझ्यामुळे पडली हे मला माहीत होतं.

मग परळला डोळ्यांच्या तपासणीला गेलो. टोकन घेऊन बाकावर बसलो होतो आणि मी परत पप्पांना पटवत होते की स्पीकर मोठा आहे, आवाज छान आहे. शेजारी चाळिशीचा एक माणूस पांढरी काठी घेऊन बसला होता. तो हसायला लागला.

"ताई, स्पीकर कशाला विकताय काकांना? त्यांना ऐकायचं नाहीये. वाचायचंय."

 तो करी रोडला राहणारा, एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर. म्हणाला, "मी आमच्या विहारात वंदनेनंतर एक पान वाचतो. एक कान फोनला, दुसरा लोकांना. तो अर्धी ओळ पुढे, मी अर्धी ओळ मागे. आवाज माझा."

पप्पांनी विचारलं, "आणि चुकलं तर?"

"चुकतं की. डोळेवाले नाही चुकत?"

खूप दिवसांनी पप्पा हसले. त्या माणसानं माझा फोन घेतला, स्क्रीन बोलायची सोय माझ्याकडून चालू करून घेतली, बोटांनी चाचपत स्पीड खाली आणला, जुनं भाषांतर शोधून दिलं. ते त्याच अ‍ॅपमध्ये होतं, मला मंडळीत एवढं विचारतात आणि मी बघितलंच नव्हतं. स्वतःचा इअरफोन रुमालानं पुसून त्यानं पप्पांच्या कानात लावला. पप्पा त्या बाकावर बसून हळू आवाजात वाचायला लागले. वाचायलाच. तेवढ्यात त्याचा नंबर पुकारला. "जय भीम, काका." पप्पा म्हणाले, "जय ख्रिस्त." तो इअरफोन घेऊन आत गेला. मी नाव पण विचारलं नाही.

पप्पांनी त्याच दिवशी पाळकसाहेबांना फोन करून आजच्या रविवारचा पाठ मागून घेतला. आठवडाभर स्वयंपाकघरात स्टुलावर बसून तोच पाठ. तिथे रस्त्याचा आवाज कमी येतो. मम्मी वैतागून म्हणायची, "अहो, माझा कुकर तरी ऐकू द्या मला."

आज ते उभे राहिले. पहिली चार वचनं एकदम खणखणीत. पाचव्याच्या अर्ध्यात थांबले. मला आधी कळलंच नाही. मग बघितलं, पुस्तकाशेजारी ठेवलेल्या त्यांच्या फोनवर कोणाचा तरी कॉल आला होता आणि कानातलं वाचन बंद. मी सगळं केलं होतं, त्यांच्या फोनमध्ये तेच वाचन आधी डाउनलोड करून ठेवलं होतं, फक्त फ्लाइट मोड विसरले. तुम्ही कोणासाठी करणार असाल तर तेवढं विसरू नका. पप्पा पुस्तकावर हात ठेवून तसेच उभे. चर्चमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. मी पळायला उठले तर मम्मीनं कोपर धरून खाली बसवलं.

आणि ती बोलायला लागली. बाकावरूनच, पुस्तक न उघडता. पाचव्या वचनाचा उरलेला अर्धा. आठवडाभर भाजी चिरताना तेच कानावर पडून तिला सगळं तोंडपाठ झालं होतं आणि तिला स्वतःला ते माहीत नव्हतं. माझी मम्मी चर्चमध्ये कधी मोठ्यानं बोललेली नाही, गीत पण ती पुटपुटते. पप्पांनी मान तिच्या बाजूला वळवली, आणि ती अर्धी ओळ पुढे, ते अर्धी ओळ मागे, असा शेवटपर्यंत पाठ झाला. 

कॉल कोणाचा होता माहितीये? पार्सलवाल्याचा. पप्पांसाठी मीच मोबाइलचा स्टँड मागवला होता, त्यांचा नंबर देऊन.

हा चमत्कार आहे की नाही, ते मला कोणाशी भांडून ठरवायचं नाही. मी डोळे मागितले होते, ते मिळाले नाहीत. मला वाटत होतं पप्पांसाठी सगळं मीच करायचंय, देवाला पण मी फक्त माझी यादी दिली होती. त्यानं यादी बाजूला ठेवली आणि टोकनच्या बाकावर एक अनोळखी माणूस बसवला, माझ्याच घरातून एक आवाज काढला. सगळं माझ्याच हातात धरून ठेवणं आता सोडायला जमतंय थोडं. खूप हलकं वाटतंय, खरंच.

पप्पा आत्ताच गॅलरीतून ओरडून म्हणाले, "संध्याकाळी सातला सगळ्यांनी बसायचं. आणि तुझ्या आईची पाळी माझ्या आधी ठेव."

तुमच्याकडे झालंय का असं कधी, की देवाकडे मागितलं एक आणि हातात दुसरंच आलं, आणि मग कळलं की हवं तेच होतं? लिहा ना, मी वाचतेय.