काचा लावा म्हणणाऱ्या सुमनताई

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकत असेल, त्याची आधीच माफी मागते. शोकसभेत प्रत्येकीने ताईंबद्दल दोन शब्द बोलायचे होते. माझी पाळी आली तेव्हा मी पाण्याचे ग्लास गोळा करायला उठले.

सुमनताई गेल्याचं मला दूधवाल्याने सांगितलं. "दीदी, चौबे कॉलोनीवाली ताई नहीं रही," म्हणाला, आणि माप ओतून पुढच्या दाराशी गेला. मी पातेलं धरून तशीच उभी. आदल्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावून लिंबाचं लोणचं करून घेतलं होतं...

ताई रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या, मूळच्या अमरावतीकडच्या, एकट्या राहणाऱ्या. दर हिवाळ्यात बस ठरवून महिला मंडळाच्या बायकांना यात्रेला न्यायच्या. नवरा वारल्यावर मी अभनपूर सोडून रायपूरला आले, तेव्हा त्यांनीच मला बसवर स्वयंपाकाला ठेवलं. त्या ओळखीवर पुढे घरोघरी कामं मिळाली. चाळीस बायकांचं रांधायची, पण त्यांच्यात बसून जेवायची मला लाज वाटे. मग ताईच आपलं ताट घेऊन शेगडीपाशी यायच्या. "मले तिकडं करमत नाही," एवढंच म्हणायच्या.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं, तेव्हाची गोष्ट. रामेश्वर करून केरळात देवदर्शनाला जाताना बस घाटात तापली. दोन्ही बाजूंना एवढं दाट जंगल की दुपारीही अंधारल्यासारखं. वर फांदीवर एक माकड होतं. तसं माकड आम्ही कधी पाहिलेलं नव्हतं. अंग काळंभोर, तोंडाभोवती पांढरी आयाळ, शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. त्या दिवशी मंगळवार, रायपूरकडे मारुतीचा वार. बायका हात जोडून उभ्या राहिल्या, प्रत्यक्ष मारुतीराया भेटले म्हणाल्या. ते मात्र खाली बघतही नव्हतं. मी सकाळची पुरी घेऊन झाडाखाली गेले, "ये बाबा, ये," म्हणत राहिले. बऱ्याच वेळाने ते उतरलं आणि माझ्या हातातून पुरी घेतली. पोटाला पिल्लू होतं. मला जन्मात एवढा आनंद झाला नव्हता. चाळीस जणींतून देवाने माझाच हात निवडला, असं वाटलं.

तेवढ्यात सायकलवरून जंगलखात्याचा माणूस आला. मोडक्या हिंदीत म्हणाला, "अम्मा, नीचे मत बुलाओ. ये ऊपर का जानवर है." ताईंनी त्याला खोदून खोदून विचारलं. हे माकड जन्मभर झाडांवरच राहतं, झाडावरून झाडावर जातं. पण चहाच्या मळ्यांसाठी जंगल तोडून त्याचे तुकडे झाले, मधून रस्ते गेले. वर फांदीला फांदी लागत नाही, म्हणून त्यांना खाली यावं लागतं. त्यात लोक खायला घालतात, मग ती रस्त्यावरच बसून वाट बघतात, आणि गाड्या काही थांबत नाहीत. जगात थोडीच उरली आहेत, म्हणाला.

तीन दिवसांनी त्याच घाटाने परतलो. बायका पेंगत होत्या. मी आणि ताई पुढच्या सीटवर. त्याच वळणावर रस्त्याच्या कडेला ते पडलेलं होतं. पांढरी आयाळ मातीने माखलेली. पिल्लू दिसलं नाही. तेच होतं की दुसरं, कसं सांगणार... ताईंनी माझा हात घट्ट धरला आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "भैया, चलते रहो."

मुक्कामावर मी रडून म्हटलं, "ताई, मी बायकांना सांगते."

"चूप बस. मारुतीची हत्या लागली म्हणतीन. तुह्या हातचं खातीन काय मग कोणी? काय करशीन?"

मी कोणालाच सांगितलं नाही.

त्यानंतर कुठल्याही घाटात माकडं दिसली की ताई उभ्या राहायच्या, "काचा लावा" म्हणायच्या. बस थांबू देत नसत. बायका टोमणे मारायच्या, "ताईच्या राज्यात मारुतीले उपास." कोणी कारण विचारलं तर म्हणायच्या, "माही मर्जी." हळूहळू बायका दुसऱ्यांच्या बसने जाऊ लागल्या. चाळीसच्या बावीस झाल्या, मग बसच निघेना. इकडे रायपुरात तेलीबांध्याच्या रस्त्याने आम्ही दोघी भाजी आणायला जायचो, तेव्हा ताई मधेच थांबून वर बघायच्या. "हे दोन झाडं अजून लागून आहेत पाहाय," म्हणायच्या. मग रस्ता रुंद झाला.

परवा ताईंच्या घरी त्यांचं मासिक श्राद्ध झालं. नागपूरहून भाचा आला होता. स्वयंपाक माझाच. जेवता जेवता एक जण म्हणाली, "बाई चांगली होती, पण देवाच्या जिवाले घास देऊ देत नव्हती. तेच भोवलं असंन."

माझ्या हातात वरणाची बादली होती. ती खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. पुरी, पिल्लू, परतीचं वळण... मी इतकं हळू बोलत होते की तेव्हा बसमध्ये असलेल्या मालतीकाकूंनी दोनदा "जोरानं बोल" म्हटलं. सांगून झालं आणि मी सगळ्यांच्या ताटांकडे बघत राहिले. आता एकेक ताट सरकेल, मग उद्यापासून घरोघरची कामं जातील.

कोणीच ताट सरकवलं नाही. मग मालतीकाकू म्हणाल्या, "तुह्या मागून मीबी त्याले दोन केळं देल्ले होते वो, शांता." दुसरी म्हणाली, "मीबी." टोमणा मारणारी खाली मान घालून भात कालवत होती. शेवटी मालतीकाकूंनी वाटी पुढे केली. मी वरण वाढलं.

एवढंच होतं... एवढ्यासाठी ताईंनी इतकी वर्षं बोलणी खाल्ली, बस बंद पडू दिली. भांडी घासून झाली तशी मी पदराला हात पुसत त्यांच्या खोलीकडे निघाले. ताई, कोणी काही म्हटलं नाही, सगळ्या पोटभर जेवल्या, हे त्यांना सांगायचं होतं. खोलीत भाचा गादी गुंडाळत होता. "काही पाहिजे का, मावशी?" त्याने विचारलं.

मी नाही म्हटलं.