खूण आपल्याकडे ठेवायची

पंचफुलाबाईंच्या नखांना मी कधी रंग पाहिला नाही. नेलपॉलिशच्या तीन बाटल्या मात्र त्यांच्या पिशवीत कायम असत. तो रंग त्या लावत लोखंडी पट्ट्यांना. भिंतीवर पुट्टी ओढायच्या रुंद पात्याच्या पट्ट्या. लहान पट्टीच्या मुठीवर लाल ठिपका, मधलीवर हिरवा, सगळ्यात रुंद पट्टीवर चंदेरी. हल्ली त्या आमच्याच जिल्ह्यातल्या शहापूरला महामार्गालगतच्या नव्या दुकानांची कामं घेतात आणि आमच्याकडे क्वचित दिसतात. पण त्यांची माझी ओळख झाली तेव्हा त्या कामं घेत नव्हत्या. कामावर येत होत्या. यात किती अंतर आहे हे मला त्यांच्यामुळे कळलं.

सानगडीच्या अलीकडे आमचं गाव. गावात वाचनालय आहे, आणि निवृत्त शिक्षक म्हणून त्याचं सचिवपद माझ्याकडे आहे. म्हणजे दुसऱ्या कोणी ते घेतलं नाही. गेल्या वर्षी सभागृह नवं करायचं ठरलं. जुन्या भिंतींत वाईट काही नव्हतं, पण अध्यक्षांनी नागपुरात एक हॉटेल पाहिलं होतं. त्यामुळे भिंतींवर जिप्समचे बोर्ड आले. दोन बोर्डांमधला सांधा जाळीच्या टेपने आणि मसाल्याने बुजवायचा, तो असा की तिथे सांधा होता हे कुणाला कळू नये. हे काम टेकराम मिस्त्रीचं. पंचफुलाबाई त्याची रेजा, हाताखालची मजूर. बादल्या उचलायच्या, मसाला कालवायचा, उभं राहायची पालटी सरकवायची.

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात सासरचं गाव गेलं तेव्हा त्या लग्न होऊन नुकत्याच आल्या होत्या. पुनर्वसनाच्या वस्तीत घरं बांधली जात होती, तिथेच त्यांनी पहिली बादली उचलली. तेव्हापासून मसाला कालवत होत्या. जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री लोक आडवे झाले की या मागच्या भिंतींवर हात बसवत. पट्ट्या स्वतःच्या घेतलेल्या.

"कायले एवढी धडपड?" मी एकदा विचारलं.

"मरेपर्यंत रेजा नाही राहात मी, सर," त्या म्हणाल्या. "एक तरी समोरची भिंत पायजे मले. लोकं जिच्याकडे तोंड करून बसतात तशी."

नेलपॉलिशचं कोडं मी दुसऱ्याच दिवशी सोडवून घेतलं. त्यांनी रुंद पट्टी माझ्या डोळ्यांसमोर आडवी धरली. "धारेवरून पाहा. सरळ दिसते?"

"सरळच आहे."

"मास्तर लोकायले सगळं सरळच दिसते. एक डोळा मिटा."

मिटला. पातं मधोमध अगदी किंचित फुगलेलं होतं. "ही फुगीर बाजू आपल्याकडे, पोकळ बाजू भिंतीकडे," त्या म्हणाल्या. "मंग मसाला मधात जरासा राह्यते अन् कडा भिंतीत मिसळतात. उलटी धरली का पोटानं मधातला मसाला खरवडला अन् दोन्हीकडे रेघा. म्हणून फुगीर बाजूले ठिपका. खूण आपल्याकडे ठेवायची. खूण दिसत नसन, तर समजाचं आपला हात चुकून राहिला."

रंग वेगवेगळे का, तर पहिल्या हाताला लहान पट्टी, दुसऱ्याला मधली, शेवटच्याला रुंद; मसाला लागलेल्या हाताने पिशवीत शोधत बसायला नको. पात्याचे दोन्ही कोपरे त्यांनी कानसीने जरा गोल केले होते, म्हणजे ते भिंतीत रुतत नाहीत. आणि एक चौथी पट्टी होती, बिनरंगाची, जुनी. बादलीचं झाकण उघडायला आणि फरशीवरचं वाळलेलं खरवडायला तीच. रंगीत पट्टीने झाकण उचकटणाऱ्याशी त्या दिवसभर बोलत नसत. काम संपलं की पाणी, फडकं, मग पिशवी. "वाळला मसाला पट्टीवर राह्यला तर उद्या भिंत ओरबाडते." मी आयुष्यभर ज्या अनेक विषयांवर व्याख्यानं ऐकली, त्यांत इतकं कमी बोलून इतकं सांगणारं मला आठवत नाही.

उद्घाटन आठवड्यावर आलं. मंचामागची भिंत, जी सगळ्यांना दिसणार, टेकरामकडे. मागची पुस्तकांची खोली वेळेत होईना, तेव्हा ठेकेदार म्हणाला, "तिथं बाईले लावा. मांगची खोली कोन पाहाते?" वाचनालयातली पुस्तकांची खोली कोणी पाहत नाही, हे त्याचं निरीक्षण दुर्दैवाने बरोबर होतं.

शेवटच्या हाताच्या दिवशी टेकरामची रुंद पट्टी पालटीवरून पडली आणि तिचा कोपरा वाकला. त्याने न विचारता पंचफुलाबाईंची उचलली.

"टेकरामभाऊ, ते खूण—"

"पट्टीले मेंदी लावली का वं?" तो हसला. "नखरे घरी कराचे."

"खूण तुमच्याकडे पायजे भाऊ. उलटी धरली तुमी."

"पंधरा वर्षं झाले मले. तू मसाला पाह्य."

टेकराम वाईट माणूस नव्हता, कामालाही कच्चा नव्हता. स्वतःच्या पट्टीची कोणती बाजू कुठे, हे त्याच्या मनगटाला न बघता माहीत होतं. परक्या पट्टीची विचारावी लागते. पण मिस्त्रीने रेजाला विचारायचं नसतं, आणि हा नियम त्याने एकट्याने केलेला नव्हता. पंचफुलाबाई मधली पट्टी घेऊन पुस्तकांच्या खोलीत गेल्या.

रंग मारून झाला. दोन दिवसांनी सकाळी पूर्वेच्या खिडकीतून तिरपं ऊन मंचावर आलं आणि प्रत्येक सांध्यावर दोन-दोन रेघा उभ्या राहिल्या, धानाच्या शेतांमधल्या मातीच्या धुऱ्यांसारख्या. पुस्तकांच्या खोलीत तेच ऊन भिंतीवरून सरळ निघून जात होतं. अडायला त्याला काही सापडत नव्हतं.

ठेकेदाराने तासाभरात उपाय काढला. प्रमुख पाहुण्यांचा भिंतभर बॅनर. पाहुण्यांचा चेहरा इतका उपयोगी पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

उद्घाटन यथासांग झालं. दर्जेदार कामाबद्दल ठेकेदाराला शाल मिळाली. नंतर अध्यक्ष पाहुण्यांना पुस्तकांची खोली दाखवायला घेऊन गेले. पाहुण्यांनी पुस्तकांकडे पाहिलं नाही, पण भिंतीवरून हात फिरवला. "वा! मिस्त्री कोण?"

"आपलेच टेकराम," ठेकेदार म्हणाला.

पंचफुलाबाई दारापाशी खुर्च्या रचत होत्या. मी तोंड उघडणार तोवर पाहुणे गाडीत होते. अशा वेळी माझं तोंड नेहमीच थोडं उशिरा उघडतं.

सोमवारी बॅनर उतरवला आणि भिंत पुन्हा करावी लागणार हे उघड झालं. पंचफुलाबाई पुढे आल्या. "मंचाची भिंत मी करतो. पन रेजा म्हणून नाही, मिस्त्री म्हणून. अन् मसाला कालवाले मानूस पायजे मले."

"बाईच्या हाताखाली कोन येईन?" ठेकेदार म्हणाला. टेकराम खिडकीबाहेर बघत होता.

त्यांनी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसल्या. "मंग बॅनर लावा परत. पावन्यायचं तोंड पाहात पुस्तकं वाचू."

"मी कालवतो," मी म्हणालो. हे मी का म्हणालो ते सांगता येत नाही. दारापाशी रचलेल्या त्या खुर्च्या डोळ्यांसमोर होत्या, एवढं खरं.

दोन दिवस मी त्यांचा रेजा होतो. पहिली बादली त्यांनी पट्टीने ढवळून परत केली. "गाठी आहेत, सर. तुमच्या भाषणात चालतात, मसाल्यात नाही." दुसरी पातळ झाली. तिसरी चालली, पण तसं त्या म्हणाल्या नाहीत, नुसती वापरली. त्यांनी रेघा घासून काढल्या, सांधे पुन्हा भरले, प्रत्येक हात आधीपेक्षा वीतभर रुंद नेला. एक हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसऱ्याला पट्टी लावली नाही. ठेकेदार दोनदा घाई करून गेला. "भिंत वाळून राहिली," त्या म्हणाल्या, "तिले सांगा घाई."

तिसऱ्या दिवशी शेवटचा हात. माझे खांदे उतरले होते, आणि बादलीत पुन्हा गाठी झाल्या होत्या. टेकराम दारात उभा होता. केव्हापासून, कुणास ठाऊक. तो आत आला, चपला भिंतीशी काढल्या आणि माझ्या हातातली कालवायची काठी घेतली.

"तुमी बसा सर. हे तुमचं काम नोहे."

आता हा पट्टी मागणार, असं मला वाटलं. पालटीवर पंचफुलाबाईंचा हातही थांबला. टेकरामने बादलीत पाहिलं, नवी बादली ओढली, मसाल्याची पिशवी फोडली, आणि वर न बघता विचारलं,

"कितीक पातळ पायजे, बाई?"

भिंतीकडे तोंड करूनच त्या म्हणाल्या, "दह्यापरीस जरासा पातळ. अन् भाऊ, पानी एकदम नोको टाकू."

टेकराम थोडं थोडं पाणी टाकू लागला.