होळीला गेलेल्या कांड्या

पुण्याहून निघताना माझ्याजवळ एक बॅग, एक लॅपटॉप आणि नको इतका आत्मविश्वास होता. मी मॅनेजमेंट कॉलेजात शिकवते. जैवअर्थव्यवस्था, म्हणजे शेतात जे उगवते त्यावर कारखाने चालवण्याचा धंदा, हा सध्या माझा लाडका विषय. त्यावरच्या व्याख्यानात माझी एक स्लाइड होती : 'शेतातला टाकाऊ माल. किंमत शून्य.' ही स्लाइड आली की मुले भराभर लिहून घेत आणि मला उगाचच बरे वाटे.

गेल्या वर्षी होळीला बोलावणे आले ते माझ्या मावसभावाचे, विलासचे. पिंपरीतली नोकरी सोडून तो नाचणगावला परतला आणि पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या) कांड्या बनवण्याचा कारखाना काढून बसला. पऱ्हाटीचा भुसा करायचा, मशीनमध्ये दाबायचा, की कोळशाऐवजी भट्टीत घालण्याजोगी कांडी बाहेर पडते. कांडी उत्तम, फक्त घेणारा कोणी नव्हता. आता नालवाडीचे फरसाणवाले भोयर साहेब माल बघायला येणार होते. ते हो म्हणाले तर कारखाना तरला. नाही म्हणाले तर पाडव्यानंतर शेतात पऱ्हाटी उरत नाही, म्हणजे वर्ष गेले. मग परत पिंपरी, असे विलासच्या बायकोने, सुनीताने, न रागावता सांगून ठेवले होते. ती रागावली नव्हती, म्हणूनच विलास जास्त घाबरला होता.

त्यात भोयरांची भट्टी वर्षातून एकच दिवस थंड असते, धुळवडीला. म्हणून त्यांनी नेमका तोच दिवस दिला होता.

"ताई, तू काही बोलू नको," विलास फोनवर म्हणाला. "चष्मा लावून नुसती बसून राहाजो. पुण्याची प्रोफेसर दिसली का भोयर साहेबाले भरोसा येते."

पुलगावला उतरले ती होळीची सकाळ होती. स्टेशनबाहेर विलासने तर्री-पोहे (झणझणीत रस्सा ओतलेले पोहे) खाऊ घातले. वरून सांबार (कोथिंबीर) भुरभुरलेला, दिसायला अगदी गरीब पदार्थ. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आले, तिसऱ्याला तर्री पांढऱ्या कुर्त्यावर आली. पोहेवाला मला धीर देत म्हणाला, उद्या सगळ्यांचेच कपडे असे होणार आहेत, तुमचे एक दिवस आधी झाले.

नाचणगाव तिथून अगदी लागूनच. कापूस वेचून झालेला. काही शेतांत पऱ्हाटी अजून उभी होती, बोंडांना पांढरे धागे लोंबत होते. बाकीची उपटून घराघरासमोर रचलेली. काही अंगणांना तर कुंपणही तिचेच. मी मनातल्या मनात हिशेब मांडू लागले : केवढा हा कच्चा माल, आणि तोही फुकट.

विलासचा कारखाना म्हणजे गावाच्या कडेला, मोकळ्या मैदानाला लागून असलेली एक टिनाची शेड. भोयरांना दाखवायच्या कांड्या त्याने पोत्यांत भरून भिंतीशी मांडल्या होत्या. मनगटाएवढी जाड, पेढ्याच्या रंगाची, हातात घेतली की जड लागणारी कांडी. मी म्हटले, छान आहे, मग मशीन बंद का?

तर पऱ्हाटीच नव्हती. एवढ्या कांड्या त्याने स्वतःच्या शेतातल्या पऱ्हाटीतून काढल्या होत्या. गावातली कोणी देईना.

मला हे पटेना. मी लॅपटॉप काढला आणि शेजारच्या रेखाबाईंच्या अंगणात जाऊन बसले. रेखाबाई मजुरीवर शेतातली पऱ्हाटी उपटतात, आणि उपटणाऱ्या बाईने ती घरी न्यायची अशी इथली रीत. मी त्यांना माझी ती स्लाइड दाखवली. त्यांनी ती लक्ष देऊन वाचली, मग आपल्या ढिगाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"टाकाऊ कोन म्हनलं?" त्या म्हणाल्या. "ही माही चूल हाय, बाई. सिलिंडर चहाले आन् पाव्हन्याले. भाकर आन् आंघोळीचं पानी याच्यावर. तुमच्या पुन्यात कोनी कोनाची चूल मागाले येते का?"

मी लॅपटॉप मिटला. त्यांनी चहा दिला, तो मात्र सिलिंडरवरचा होता. मी पाहुणी होते ना.

दुपारी पुरणपोळी जेवून मी जी आडवी झाले, ती संध्याकाळी ढोलकीच्या आवाजानेच उठले. मैदानात होळी रचलेली. बायका चाकोल्यांच्या (शेणाच्या भोक पाडलेल्या छोट्या गोवऱ्यांच्या) माळा घेऊन निघाल्या होत्या. मीही गेले. होळी पेटली, बोंबा झाल्या, आणि उजेडात मला ढिगाच्या बुडाशी काहीतरी ओळखीचे दिसले. मनगटाएवढे जाड, पेढ्याच्या रंगाचे.

मी विलासला बोट दाखवले. तो शेडकडे धावला आणि रिकामे पोते हातात घेऊन परत आला. पोती सगळी होती, व्यवस्थित घडी घालून ठेवलेली. कांडी एकही नव्हती. होळीच्या मैदानाला लागून, होळीच्याच दिवशी, गावातले सर्वांत उत्तम जळण रचून कुलूप न लावणारा माणूस नाचणगावात जन्मला होता, वाढला होता आणि तरीही विसरला होता.

तो ओरडणार, एवढ्यात मावसाजींनी (मावशीच्या यजमानांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी) त्याचा दंड धरला.

"होळीले गेलेलं कोनी मागत नसते," ते म्हणाले. "तू शाळेचं फाटक नेलतं, तवा हेडमास्तर आलता का मागाले?"

विलासने रिकामे पोते घडी घालून काखेत मारले. सुनीताने नारळ होळीला वाहिला आणि ती घरी गेली. या पोराला उद्या दाखवायला आता एक मशीन, काही पोती आणि एक चष्मेवाली बहीण एवढेच उरले होते.

धुळवडीच्या सकाळी भोयर साहेब मोटारसायकलवर आले. पांढरा सफारी घालून निघाले असावेत. देवळीत त्यांना गुलाबी केले होते आणि पुलगावात हिरवे. विलासने हात जोडून झाले ते सांगितले. मी चष्मा लावून बसले होते, पण भोयरांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. ते मैदानाकडे बघत होते.

मैदानात बायकांची रांग लागली होती. होळीच्या विस्तवावर आंघोळीचे पाणी तापवून न्यायची पद्धत आहे, पण ते उरकते पहाटेच, कारण नंतर राखच उरते. आज उन्हे वर आली तरी विस्तव लालबुंद होता. ज्यांच्या आंघोळी झाल्या होत्या त्या रंग धुवायला दुसरे पातेले घेऊन आल्या होत्या. एकीने तर वांगी भाजायला आणली होती.

भोयर उकिडवे बसले. काडीने विस्तव उकरला, राख चिमटीत घेऊन चोळली. मग त्यांनी ना विलासला विचारले, ना पुण्याच्या प्रोफेसरला. त्यांनी रेखाबाईंना विचारले.

"कवापासून जळून राह्यली?"

"कालपासून. माही पऱ्हाटी असती तं जेवाच्या आधी राख झाली असती. आन् धूर पाहा, डोळे नाई झोंबले."

भोयर उठले, गुडघे झटकले, जे आणखीच हिरवे झाले, आणि विलासला म्हणाले की पाठवा गाडीभर, भट्टीत घालून पाहतो. विलासचा चेहरा फुलला आणि लगेच पडला. गाडीभर कांड्यांसाठी पऱ्हाटी आणायची कुठून?

रेखाबाईंनी पातेले उतरवले. त्या त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "माहा ढीग घेऊन जा. पन आधी माह्या चुलीच्या कांड्या देजो, मंग त्या साहेबाले."

मागून दोघी-तिघी म्हणाल्या, आमचाही. भोयरांना रांगेत मागे उभे राहणे मुळीच पसंत नव्हते, हे रंगाखालूनही दिसत होते. पण पाहुणे होते, आणि वांगी भाजून झाली होती. ते जेवायला थांबले. सुनीताने त्यांना वाढता वाढता विलासच्या ताटात न मागता दुसरी पुरणपोळी टाकली, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले. त्या वेळी ताटात तर्री नव्हती.

पुण्याला परतल्यावर ती स्लाइड मी काढून टाकली. आता त्या जागी प्रश्न असतो : 'हा माल आत्ता कोणाच्या घरात जळतो?' मुले तो लिहून घेत नाहीत, नुसती माझ्याकडे बघतात. मला तेच जास्त आवडते.

कारखाना चालू आहे. भोयरांची गाडी अधूनमधून दारात ताटकळते, कारण आधी चुली. यंदा होळीच्या आदल्या दिवशी विलासचा फोन आला. त्याने मोठ्या मनाने गावातल्या पोरांना चार पोती कांड्या होळीसाठी देऊ केल्या होत्या, आणि पोरांनी त्या साफ नाकारल्या.

"म्हनतात, देल्लेलं होळीले चालत नाई, चोरूनच न्या लागते," तो म्हणाला.

मी विचारले, मग आता?

"आता काय. पोती भिताडाशी ठेवली, शेडचं कुलूप काढलं, आन् लवकर जेवून झोपून राह्यलो."