आबांना जामीनदार हवा होता

माझे यजमान गेल्यानंतर चार वर्षं आमच्या घरात दोन अबोले होते. सासरे, म्हणजे आबा, माझ्याशी बोलत नव्हते, आणि मी देव्हाऱ्यातल्या सातेरी आईशी बोलत नव्हते. सकाळी दिवा लावायचे, पण तो आबांसाठी. मी नाही लावला तर ते गुडघे धरून खाली बसतील आणि मग त्यांना उठता येणार नाही, एवढ्यासाठीच. हात जोडत नव्हते. धडधाकट माणूस सकाळी ड्युटीवर जातो, जिन्यातच छातीत कळ येऊन कोसळतो, आणि ज्या देवीची या घराने तीन पिढ्या ओटी भरली ती नुसती बघत बसते. तिच्यापुढे आता काय मागायचं, असं मला वाटे.

आबांचा राग माझ्या नोकरीवर होता. यजमान महापालिकेत होते, त्यामुळे त्यांच्या मागे मला अनुकंपेवर नोकरी मिळाली. परळच्या रुग्णालयात, केसपेपरच्या खिडकीवर. आबा त्या दिवशी एवढंच म्हणाले होते, "माझ्या झिलाच्या मरणाची नोकरी ह्या घरात नको." झील म्हणजे मुलगा. मुलीचं शिक्षण व्हायचं होतं, मी हजर झाले. तेव्हापासून त्यांना चहा हवा असला की ते भिंतीकडे बघून सांगत. मुलगी पुढे नर्सिंग शिकायला रत्नागिरीला गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो. एकमेकांची सगळी पथ्यं पाळायची, औषधांच्या वेळा सांभाळायच्या, पण शब्द नाही.

त्या शुक्रवारी सकाळी मी कामावर निघाले होते. दारात दोन हवालदार उभे. त्यातला वयस्कर जरा संकोचून म्हणाला, "आजोबांच्या नावावर वॉरंट आहे, ताई. कोर्टात न्यावं लागेल." मला काही कळेना. शहात्तर वर्षांचा माणूस, इन्शुलिनवर जगणारा, याने काय गुन्हा केला? मग उलगडलं. पुष्कळ वर्षांपूर्वी गिरणी कामगारांनी घरांसाठी मोर्चा काढला होता, रस्ता अडवला म्हणून तेरा-चौदा जणांवर केस झाली होती. आबा त्यातले एक. केस कधीच मिटली अशी त्यांची समजूत. ती मिटली नव्हती. तारखांचे समन्स आमच्या लालबागच्या जुन्या चाळीच्या पत्त्यावर जात होते. चाळ पाडून तिथे आता टॉवरचा पाया खणलाय आणि आम्ही संक्रमण इमारतीत राहतो. समन्स कोणाला मिळणार? तारखेला हजर नाही म्हणून शेवटी वॉरंट निघालं आणि हवालदार विचारत विचारत आमच्या दारात पोचले.

आबांनी धोतर बदललं, देवीसमोर उभे राहिले, आणि हवालदारांच्या मागून चालू लागले. मी इन्शुलिन, भाकरीचा डबा आणि नव्या पत्त्याच्या आधार-रेशनकार्डाची फाईल पिशवीत टाकली आणि धावत मागे निघाले.

कोर्टातच एक टेबल असतं, तिथे वकील परवडत नसेल त्याला फुकट वकील मिळतो. आम्हाला एक तरुण वकीलबाई मिळाल्या. त्यांनी अर्ज केला, वय सांगितलं, आजार सांगितला, पत्ता बदलल्याचे कागद दाखवले. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी वॉरंट रद्द केलं आणि जामीन दिला. मी तिथेच सुटकेचा निःश्वास टाकला. मला वाटलं, जामीन मिळाला म्हणजे माणूस सुटला. बाहेर आल्यावर वकीलबाईंनी मला समजावलं.

"जामीन मंजूर झालाय, अजून सुटका नाही झालेली. पंधरा हजारांचा जातमुचलका आणि एक जामीनदार, असं साहेबांनी म्हटलंय. जातमुचलका म्हणजे आजोबा स्वतः लिहून देणार, मी तारखेला येईन. जामीनदार म्हणजे दुसऱ्या कोणीतरी लिहून द्यायचं, हे येतील, नाही आले तर पंधरा हजार मी भरीन. आत्ता पैसे भरायचे नाहीत. पण माणूस पक्का पाहिजे. पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा."

"आम्ही रोखच भरले तर?" मी विचारलं.

"तेही मागून बघितलं. साहेब म्हणाले, हे आधी गैरहजर राहिलेत, त्यांना आणणारा माणूस हवा. चार-साडेचारपर्यंत जामीनदार आणा. नाहीतर त्यांची रवानगी तुरुंगात होईल. आणि उद्या दुसरा शनिवार, कोर्टाला सुट्टी. मग सोमवारीच."

हे सांगून त्या दुसऱ्या मजल्यावरच्या दुसऱ्या केसला पळाल्या. मी विरारला दिराला फोन लावला. सकाळीही लावला होता, तेव्हा तो "निघतोच" म्हणाला होता. आता म्हणाला, "वहिनी, राग मानू नका. घर हिच्या नावावर आहे. आणि उद्या आबा तारखेला गेलेच नाहीत, तर कोर्ट मला धरणार ना?" त्याचंही खोटं नव्हतं. मग मी जुन्या शेजाऱ्यांना एकेक करून फोन लावले. कोणी डोंबिवलीला, कोणी गावी. कोणाचे कागद बिल्डरकडे, तर कोणाचं रेशनकार्ड अजून पाडलेल्या चाळीच्या पत्त्याचं. पाठीला पाठ लावून पन्नास वर्षं राहिलेल्या माणसांत एकाचाही पत्ता आज पक्का नव्हता.

तेवढ्यात एक माणूस जवळ येऊन हळूच म्हणाला, "जामीनदार पाहिजे का, ताई? रेडी आहे. रेशनकार्ड, पगाराची स्लिप, सगळं टकाटक. तासाभरात बाबा बाहेर." त्याच्या मागे एक सुकलेला इसम उभा होता, तोच बहुधा तो जामीनदार. कागद खोटे असणार हे मला कळत होतं. खोटं सांगणार नाही, तरीही मी त्याला "नको" म्हटलं नाही. "थांबा जरा," म्हटलं. आबांना दुपारचं इन्शुलिन द्यायला वयस्कर हवालदाराने परवानगी दिली होती, ते आणि अर्धी भाकरी द्यायला मी गेले. आबा बाकावर बसले होते. दंड पुढे केला आणि समोरच्या भिंतीकडे बघत विचारलं, "धाकलो इलो नाय?"

मी "येतोय" म्हटलं. खोटंच.

बाहेर येऊन मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि मला रडू कोसळलं. आमच्या गावाकडे देवीपुढे गाऱ्हाणं घालतात, अडचण सांगतात, वाट मागतात. ते घालणारा पुरुष असतो, बायका मागे उभ्या राहून हात जोडतात. मी त्या बाकावर डोळे मिटून, चार वर्षांत पहिल्यांदा, मनातल्या मनात स्वतःच गाऱ्हाणं घातलं. शब्दही धड नव्हते. म्हटलं, आई, तुझ्याशी मी भांडले, अजूनही भांडण मिटलेलं नाही. पण हे म्हातारं माणूस तुझं आहे. याला आज तुरुंगात जाऊ देऊ नकोस. कोणीतरी पाठव. खरा माणूस पाठव, खोटा नको. तू पाठवला नाहीस तर मी त्या खोट्याला हो म्हणेन, आणि ते पाप तुझ्याही माथी.

डोळे उघडले तर शेजारी बसलेली बाई माझ्याकडे बघत होती. साठीची असेल. केस चापून बांधलेले, मांडीवर प्लॅस्टिकची फाईल. "पाणी घ्या," म्हणाली. मी प्यायले. मग तिने विचारलं नसतानाही मी सगळं सांगून टाकलं. माझं संपल्यावर तिने माझ्या गळ्याकडे बोट केलं.

"हे काय आहे?"

मी खाली पाहिलं. सकाळी कामावर निघताना घातलेलं ओळखपत्र तसंच लटकत होतं.

"पालिकेत आहात? कंत्राटी की कायम?"

"कायम."

"मग दिवसभर दुसऱ्याला कशाला शोधताय? तुम्हीच राहा की जामीन."

मी ओळखपत्र हातात धरलं. "बाईमाणूस चालतं?"

"का नाही चालत? मी माझ्या भावाला राहिलीय. हे बघा." तिने फाईल उघडून स्वतःचे कागद दाखवले. "तुमचं आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स, पगाराची स्लिप, ऑफिसचा दाखला आणि फोटो. घर स्वतःचं लागतं असं नाही. वकीलबाईंना वाटलं असेल तुम्ही घरीच असता. तुम्ही सांगितलंच नाहीत ना?"

खरंच, मी सांगितलं नव्हतं. मला कोणी विचारलंही नव्हतं आणि माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मी घरचा पुरुष शोधत होते, घरमालक शोधत होते. त्या घरात चार वर्षं जी गोष्ट नकोशी होऊन पडली होती, तीच आज कामाची होती, आणि ती सकाळपासून माझ्या गळ्यात होती.

"देवीनेच तुम्हाला पाठवलं," मी म्हणून गेले.

ती हसली. "मी देवीबिवी मानत नाही हो. आम्ही बौद्ध. नायगावची कांबळे. कागद मात्र सगळे वाचते. उठा आता, तीन वाजायला आलेत. मी तुमच्या वकीलबाईंना शोधून सांगते, साहेब उठायच्या आत तुमचं नाव पुढे ठेवायला लावते."

रुग्णालय तिथून टॅक्सीने दहा मिनिटांवर. आमच्या आस्थापनेत साध्या दाखल्याला तीन दिवस लागतात. हेडक्लार्कनी माझा अर्ज वाचला, चष्मा काढला. "कोणासाठी?" "सासऱ्यांसाठी." "तेच ना, जे तुमच्या नोकरीवर—" त्यांना माहीत होतं, हजर होताना मी त्यांच्यासमोरच रडले होते. मग त्यांनी दाखला स्वतः टाईप केला, शिक्का मारला, पगाराची स्लिप जोडली, फाईलीतले दोन फोटोही तिथेच चिकटवून दिले. जाताना-येताना दोन्ही टॅक्सींना सिग्नल मोकळे मिळाले. याला मी चमत्कार म्हणत नाही. पण असं कधी होतं का, ते त्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याला विचारा.

परत आले तर कांबळेबाई दारातच उभ्या होत्या, वकीलबाई शेजारी. तो कागदवाला माणूस अजून घुटमळत होता. कांबळेबाईंनी त्याच्याकडे असं काही बघितलं की तो जिना उतरून गेला.

चार वाजून गेल्यावर माझं नाव पुकारलं. पूर्ण नाव. माझं, मग यजमानांचं, मग आडनाव. चार वर्षांत यजमानांचं नाव इतक्या मोठ्याने कोणी उच्चारलं नव्हतं. मागे हवालदारांच्या मधे बसलेल्या आबांनी झटकन मान वर केली.

साहेबांनी माझा दाखला पाहिला. "हे तुमचे कोण?"

"सासरे."

"तारखेला यांना हजर ठेवण्याची जबाबदारी तुमची. नाही ठेवलंत तर रक्कम भरावी लागेल. समजलं का?"

"समजलं."

"आणाल?"

"आणीन, साहेब."

मी सही केली. आबांनी त्यांच्या मुचलक्यावर सही केली. कारकुनाने कागद तपासले, आणि हवालदार बाजूला झाले. इतकंच. काही वाजलं नाही, काही उघडलं नाही. आबा नुसते उठून माझ्यापाशी आले.

कांबळेबाईंच्या भावाची तारीखही तेवढ्यात लागली, त्या आत पळाल्या. जाता जाता मला "जय भीम" म्हणाल्या, मीही "जय भीम" म्हटलं. त्या अदृश्य झाल्या वगैरे काही नाही. पुढच्या तारखेला पुन्हा भेटल्या, आमच्यासाठी बाकावर जागा धरून बसलेल्या.

बाहेर ऊन कलतं झालं होतं. कोर्टासमोरच्या हॉटेलात आबांना बसवलं, डबा उघडला. हात धुऊन आले तरी आबांनी भाकरीला हात लावलेला नव्हता. ते माझ्याकडे बघत होते. भिंतीकडे नाही, माझ्याकडे.

"माझो झील माका जामीन रवलो," ते म्हणाले. त्यांचा आवाज फुटला. मग डबा माझ्याकडे सरकवत म्हणाले, "सकाळधरून काय खाल्लंस काय गो? आधी तू जेव."

मी भाकरी मोडली आणि अर्धी त्यांच्यापुढे ठेवली. छातीवरून काहीतरी जड उतरलं होतं. ते सकाळपासूनचं नव्हतं, फार आधीचं होतं.

केस अजून चालू आहे. वकीलबाई म्हणतात, लवकरच निकाली निघेल. दर तारखेला आम्ही दोघं जातो, वाटेत आबा गिरणीच्या गोष्टी सांगतात आणि मी ऐकते. देवीशीही मी आता बोलते. कधी भांडते, पण बोलते. तिने माझ्या यजमानांना का नेलं याचं उत्तर मला मिळालेलं नाही, आणि मिळेल असं वाटतही नाही.

एवढं मात्र कळलं. मी तिच्याकडे माणूस मागितला होता, कोणीतरी येऊन माझा भार घ्यावा म्हणून. तिने भार घेतला नाही, मलाच उभं केलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी "आणाल?" विचारलं तेव्हा मी "आणीन" म्हटलं खरं, पण शहात्तर वर्षांच्या आजारी माणसाच्या पुढच्या महिन्याची हमी मी कोण देणार? माझ्या स्वतःच्या उद्याचीही मला खात्री नाही. तरी न अडखळता सही झाली. त्या कागदावर माझ्या नावापुढे एकच सही आहे. पण ती करताना मी एकटी नव्हते, हे मला आजही पक्कं ठाऊक आहे.