लेडीज सायकलवरचा बॉयलरवाला

बुद्धभूषणची उमेदीची सगळी वर्षं दीपनगरच्या वीज केंद्रात, बॉयलरचे जिने चढण्या-उतरण्यात गेली. पण अंग सुटत गेलं, पोट पट्ट्यावरून खाली ओघळलं, आणि एका तपासणीनंतर डॉक्टरांनी त्याचं वर चढणं बंद केलं. त्याला कंट्रोल रूममध्ये खुर्ची मिळाली. सोबतचे म्हणाले, "नशीब काढलंस, भाऊ!" त्याला मात्र ती खुर्ची टोचायची.

मुलगी प्रज्ञा जळगावला फिजिओथेरपी शिकत होती. दिवाळीच्या सुट्टीत आली आणि तिने बापाला व शेजारच्या हेमराजला कॉलनीच्या मैदानावर उभं केलं. हेमराजही तसाच गोलमटोल.

"थोडा वेळ जीव तोडून, मग थोडा वेळ सावकाश. पुन्हा जीव तोडून. काका पळतील. पप्पा, तुमचे गुडघे कुरकुरतात, तुम्ही सायकल घ्या."

सायकल म्हणजे तिचीच शाळेतली, पुढे टोपली असलेली लेडीज सायकल. एवढा मोठा गडी तिच्यावर बसला तेव्हा मैदानावरची पोरं खो-खो हसली. भूषणही हसला आणि पायडल मारू लागला.

महिन्याभरात हेमराजच्या पँटी ढिल्या झाल्या. भूषणचा पट्टा मात्र जागचा हलेना.

"तुझी सायकल नुसती हवा खाते रे," हेमराज चिडवायचा.

भूषणने हिरमुसून मुलीला फोन लावला. "पळणंच खरं का गं?"

"दोन माणसांवरून तसं ठरत नाही, पप्पा. पण खरं सांगा, जोराच्या फेरीत तुम्ही जोर लावता का?"

जोर कसला! तो भेटेल त्याला रामराम, जयभीम करत आरामात फिरायचा!

दुसऱ्या दिवसापासून बायको सविता मोबाइलचं घड्याळ घेऊन मैदानाच्या कडेला बसू लागली. ती "आता!" म्हणून ओरडली की भूषण सीटवरून उठून पायडल हाणायचा. मांड्या पेटायच्या, घशाला कोरड पडायची. "सावकाश" ऐकेपर्यंत तो थांबायचा नाही.

मध्येच हेमराजची टाच धरली. तो घरी बसला, तेव्हा भूषणने आपणहून सायकल त्याच्या दारात नेली. "पळणं बंद आहे तोवर ही चालव. आपण आळीपाळीने घेऊ." त्या दिवसापासून चिडवणं थांबलं.

उन्हाळा संपता संपता प्रज्ञाने दोघांच्या कंबरेला टेप लावली, दमही तपासला. कंबर हेमराजची जास्त उतरली होती, दम भूषणचा जास्त वाढला होता. पण दोघांनाही जुने शर्ट आता अंगाभोवती गुंडाळावे लागत होते. डॉक्टरांनी पुन्हा तपासून भूषणला परवानगी दिली. पहिल्याच पाळीला तो लिफ्टकडे न बघता जिन्याने बॉयलरच्या माथ्यावर पोचला. मागून आलेला तरुण जितेंद्र कठडा धरून धापा टाकत होता.

"भाऊ, थांबा की जरा!"

भूषण थांबला. घाम पुसत त्याने लांब पसरलेल्या केळीच्या बागा पाहिल्या, आणि त्याचा ऊर अभिमानाने भरून आला.

पुढच्या सुट्टीला तो धुळ्याकडच्या गावी आईला भेटायला गेला. आई आक्काबाईने त्याचं उतरलेलं अंग बघून त्याला दारातच अडवलं. "कितला वाळी गया रे तू! घरमा खावाले नही शे का?"

त्याने सगळी हकिगत सांगितली. म्हातारीने ऐकून घेतली, भाकरीवर तुपाचा गोळा वाढला आणि तो जेवत असतानाच आपला लेक दाखवायला शेजारच्या तानुबाईला मोठ्या तोऱ्यात हाक मारली.

"ये, देखी जाय. मना पोऱ्या शे हाऊ!"