जवळच हाय

मोजणीबाईंना कुणाच्याही घरी पाण्याचा पेला दिला, की त्या आधी विचारत, "हे कुठून आणलं?" कॉलेज रोडवरच्या यजमानिणी बुचकळ्यात पडत. "फिल्टरचं आहे." "त्याआधी?" "नळाचं." "त्याआधी?" यजमानांना धरण आठवेपर्यंत बाई पेला हातात धरून बसून राहत. मग पीत. माझ्या लग्नात त्यांनी वाढप्यालाही सोडलं नाही. सासरेबुवांना वाटलं, या भेसळ खात्यातल्या असाव्यात.

खरं म्हणजे त्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका. हरसूलकडच्या पाड्यांवर लोकांनी त्यांचं नाव मोजणीबाई ठेवलं, कारण जमीन मोजायला माणसं येतात तशी ही बाई पाणी मोजायला यायची. पाऊस बदलला, चार महिन्यांचा चार दिवसांत कोसळायला लागला, झरे संक्रांतीलाच आटायला लागले. तर त्यापायी बायकांचा वेळ किती वाढीव जातो, हा त्यांचा अभ्यास. "आमच्या शास्त्रात पाणी फुकट असतं," त्या म्हणत, "कारण आणणारीचा वेळ कुणी धरतच नाही." हे वाक्य त्या परिषदांत म्हणत आणि एसटीत शेजारच्यालाही ऐकवत. शेजारचा बहुधा झोपलेला असे.

मी त्यांचा मदतनीस. पाड्यावर फिरून फॉर्म भरायचं काम माझं. त्यात एका प्रश्नाला तीन चौकोन होते : पाणी जवळ, मध्यम, लांब. हरसूलच्या पुढच्या एका पाड्यावर प्रत्येक बाईनं सांगितलं, "जवळच हाय." मी इमानेइतबारे 'जवळ'वर खूण करत गेलो. अहवाल गेला. त्यावरून नळयोजनेची यादी ठरली आणि तो पाडा यादीतून अलगद गळला.

हे आम्हाला कळलं ते पुढच्या उन्हाळ्यात, दुसऱ्या फेरीला गेलो तेव्हा. काशीबाई म्हणून एक होत्या, त्यांनी ओटीवरच धरलं. "तुमच्या कागदात आमचं पाणी जवळ हाय म्हनं. म्हनून नळ नाय."

"जवळच म्हणाला होतात ना?" बाईंनी विचारलं.

"हायच की जवळ. चला, दावते."

बाईंनी पदर खोचला, एक हंडा उचलला आणि घड्याळ पाहिलं. उतरायला पाऊण तास लागला. ओढ्याच्या तळाशी खड्डा खणून झिरा केलेला होता. त्यातून वाटी-वाटीनं हंडा भरायला आणखी तेवढाच वेळ. चढताना मी तीनदा बसलो. माझ्याकडे हंडा नव्हता.

"काशीबाई, हे जवळ?" वर आल्यावर बाई म्हणाल्या.

"मंग! दुसरा झिरा त्या डोंगराच्या पल्याड हाय. त्यो लांब."

परतीच्या एसटीत बाई त्र्यंबक येईपर्यंत मिनिटांची बेरीज करत होत्या. मग म्हणाल्या, "चूक आपली आहे." थोड्या वेळानं म्हणाल्या, "आपली म्हणजे माझी. खूण तुझी होती, पण प्रश्न माझा होता." मला रडू आलं. ते लपवायला मी तिकीट शोधत बसलो.

आपलाच अहवाल चुकीचा आहे, असं पत्र त्यांनी लिहिलं. सहकाऱ्यांनी हात जोडले. एका शब्दापायी आयुष्यभराचं काम पाण्यात जाईल, म्हणाले. "ते पाण्यातलंच आहे," बाई म्हणाल्या. प्रकल्प बंद पडला, परिषदांची बोलावणी थांबली. बाई मात्र रिकामा हंडा घेऊन पाड्यापाड्यावर जात राहिल्या, स्वतः चालून मिनिटं लिहीत राहिल्या आणि ते कागद पाठवत राहिल्या. उत्तरं येत नसत. त्या पुन्हा पाठवत.

पुढे मी नोकरीसाठी देवळाली कॅम्पला राहायला गेलो आणि बाईंनी अंथरूण धरलं. फोनवर विचारत, "कधी येतोस?"

"येतो बाई, जवळच तर आहे."

"मिनिटांत सांग."

चार महिने मी गेलोच नव्हतो. याची लाज मला अजून वाटते.

अखेर गेलो, ती आमची शेवटची भेट. काशीबाई माझ्याआधी पोचल्या होत्या. मी म्हटलं, "एवढ्या लांबून आलात?"

"लांब कुठं? दोन यष्ट्या. जवळच हाय."

त्यांनी पिशवीतून बाटली काढली, पेल्यात पाणी ओतलं आणि बाईंच्या ओठांशी धरलं. बाईंना मान उचलवत नव्हती, तरी विचारलंच, "हे कुठून आणलं?"

"दारातनं," काशीबाई म्हणाल्या. "नळ आला ना, बाई."

मी 'त्याआधी?'ची वाट पाहत होतो. बाईंनी विचारलं नाही. सगळा पेला प्यायल्या आणि म्हणाल्या, "आणखी द्या."