उंबऱ्यांची पायवाट

साहेब बूट घालून माझ्या उंबऱ्यावर उभा होता. कारखान्यासाठी आमची कासारवाडीजवळची वस्ती उठवली, घरं पाडली आणि घराघराचे दगडी उंबरे नेऊन त्याने कंपनीच्या बागेत पायवाट केली. मी तिथे झाडलोटीला लागले, त्याच दिवशी माझा दगड ओळखला. त्याचा कोपरा फुटका होता.

साहेब म्हणजे नकाशे काढणारा माणूस. पाडापाडीआधी आमच्या ओसरीवर चहा प्यायला होता. एक डोळा मिटून, पेन्सिल समोर धरून भिंती बघायचा. उंबऱ्याला हळदकुंकू का वाहता, तेही विचारलं होतं. मी सांगितलंही होतं.

"साहेब, यावर आमी पाय देत न्हाई."

"मावशी, गावाची आठवण राहावी म्हणूनच बसवलेत," तो म्हणाला आणि वाकून रुमालाने दगडावरची धूळ झटकली.

"आठवण आमची आन् पाय तुमचे, व्हय?"

त्याने रुमाल खिशात ठेवला, पण खाली उतरला नाही. त्याचं नाव मी विचारलं नाही.

त्या उंबऱ्यावरचं माप ओलांडून मी सासरी आले होते. पुढे हातपाय चालत होते तोवर ती पायवाट मीच झाडली, कडेच्या मातीतून चालत.